तळ नसलेला खड्डा

सून खोटं बोलायला लागली होती, आणि तिला ते धड जमतही नव्हतं. कामाचं विचारलं की "होत आलंय, आई" म्हणायची आणि नजर चहाच्या कपात बुडवायची. लॅपटॉपसमोर बसलेली असताना सासूची चाहूल लागली की पडद्यावरचं चित्र झटकन बदलायची, दूध पिऊन मांजराने मिशा पुसाव्यात तशी. वर गोड बोलणं. परवा तर म्हणाली, आई, पाय चेपून देऊ का? लग्न होऊन आल्यापासून जिने सासूच्या पायाला हात लावला नाही, आणि सासूनेही कधी पाय पुढे केला नाही, तिला हे अचानक कुठून सुचलं? न मागता पाय चेपायला आलेल्या सुनेने एक तर काही फोडलंय किंवा काही फोडणार आहे, असं म्हातारीचं साधं गणित होतं.

गल्लीत तिला फौजदारीण म्हणत. म्हणत पाठीमागेच, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि तिलाही ते मनातून आवडे. शाळेशी तिचं फार जमलं नव्हतं. दुसरी झाली, तिसरीच्या बाई आणि ती एका वर्गात मावेनात, म्हणून एकीला बाहेर पडावं लागलं. सही येते, पाट्या वाचता येतात, आणि बाकीचं तोंडाने भागतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात लेक, सून आणि ती.

सून तशी पहिल्या दिवसापासून फटकळ. नवी नवरी ताटावर बसून म्हणाली होती, "आई, मीठ जास्त झालंय." लेकाचा घास घशात अडकला. फौजदारीण मात्र मनात म्हणाली, चला, घरात एक माणूस आलं. तेव्हापासून दोघींची रोज खडाखडी चालायची आणि त्यात दोघींचंही पोट भरायचं. म्हणून तर हे गोड बोलणं तिला सहन होईना.

सून नकाशाच्या कचेरीत कामाला होती. शहराच्या नव्या सभागृहात एक भिंतीएवढा पडदा लागणार होता आणि त्यावर ही सगळी वसाहत उठायच्या आधीची जमीन दिसणार होती. ओढा कुठून वाहायचा, टेकाड कुठे होतं, गाडीवाटा कशा जायच्या. लोकांनी पडद्यासमोर उभं राहायचं आणि हात हलवला की त्या जुन्या जमिनीवरून चालत जायचं. ती जमीन उभी करायचं काम सुनेकडे. घरी सुद्धा जेवायच्या टेबलावर तेच. एक पिवळा पडलेला नकाशा, त्याचं चित्र पडद्यावर घ्यायचं, आजच्या नकाशावर ठेवायचं, आणि पूल पुलावर, विहीर विहिरीवर, देऊळ देवळावर बसेपर्यंत ओढायचं, ताणायचं. मग नकाशावरच्या उंचीच्या बारीक रेषा एकेक करून गिरवायच्या आणि प्रत्येक रेषेला तिची उंची द्यायची. तापल्या दुधावर साय धरावी तशी हळूहळू पडद्यावर जमीन धरायची.

"लोक नवी घरं बांधतात, आमची ही जुने उकिरडे बांधते," असं फौजदारीण शेजारणीला सांगायची. पण सांगून झालं की जाऊन सुनेच्या मागे उभी राहायची. एक दिवस उभी राहिली, आणि बसलीच. पडद्यावर वीटभट्टी होती. धुराडं तर अजूनही आहे, वसाहतीच्या मधोमध, मुलं त्यावर चेंडू मारतात. पण त्याच्या पायाशी आता इमारती नव्हत्या, विटांच्या रांगा होत्या, ओढा होता, ओढ्याकडे उतरणारी वाट होती. त्या वाटेवरून तिने डोक्यावर ओल्या विटांची फळी घेऊन इतक्या खेपा केल्या होत्या की तिची मान अजून एका बाजूला झुकलेली होती.

तिने पडद्यावर बोट ठेवलं. तिथे सपाट माळ होता.

"इथला खड्डा कुठाय?"

सुनेने विचारलं, कुठला खड्डा? आणि टेबलाच्या पलीकडे जेवत असलेला लेक ताट घेऊन उठला आणि आत गेला. सुनेने एकदा आत जाणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे. इतकी वर्षं या घरात नांदून तिला काहीच ठाऊक नाही, हे फौजदारणीच्या तेव्हा ध्यानात आलं. कोणी सांगणार? लेक त्या सगळ्यानंतर जन्मला, त्याला जेवढं कळलं ते भिंतीआडून. आणि या घरात ते नाव कोणी घेत नसे.

तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं. याच्या आधी मला एक मुलगी होती. ती त्या खड्ड्यात गेली.

मग बाकीचं सुनेने विचारलं नाही, पण रोज थोडं थोडं करून फौजदारणीनेच सांगितलं. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, सुनेकडे न बघता. नवरा विटा थापायचा, ती वाहायची. भट्टीला माती लागायची ती त्या खड्ड्यातून काढायचे. पावसाळ्यात काम बंद, खड्डा भरून जायचा. त्या दिवशी भट्टीवरच्या झोपड्या शाकारायच्या होत्या म्हणून ती पलीकडच्या अंगाला गेली होती आणि थोरली बापाजवळ होती. थोरली म्हणजे केवढी, तर अजून 'र' म्हणता येत नव्हता तिला. बाप बिडी पेटवायला वळला तेवढ्यात. फौजदारीण धावत आली तेव्हा नवरा काठावर बसला होता आणि एकच सांगत होता, गळ्यापर्यंत उतरलो गं, पाय टेकले नाहीत, तळच नाही त्याला. मागून माणसं आली, त्याचं ऐकून आत कोणी उतरलं नाही, काठावरूनच आकडे टाकले, आणि थोरलीला वर काढलं.

त्या दिवसापासून भट्टीच्या मालकाने तो खड्डा सोडला तो सोडलाच. पुढच्या हंगामात माती दुसरीकडून आली. पुढे कधी तरी तो बुजवला, त्यावर वसाहत झाली. थोरलीचा फोटो नाही. फोटो काढायची ऐपत असलेली माणसं भट्टीवर विटा वाहत नाहीत. तिची म्हणावी अशी जगात एकच जागा होती, आणि ती जागासुद्धा या लोकांनी सपाट करून ठेवली, हे म्हणताना मात्र फौजदारणीचा आवाज चढला.

पण खड्डा तिला हवा होता त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते तिने सगळ्यांत शेवटी सांगितलं.

तिला एक धाकटी बहीण होती, भट्टीवरच कामाला. थोरलीचे दिवस झाल्यावर ती बहीण तिला बाजूला घेऊन म्हणाली, अक्का, भाऊजी पाण्यात उतरलेच नव्हते. मी तुझ्याआधी पोचले. त्यांचे कपडे कोरडे होते.

फौजदारणीने बहिणीला दारात उभं करून असं काही झोडपलं, तोंडाने, की भट्टी सगळी बाहेर आली. माझं लेकरू गेलं ते गेलं, आता माझ्या कुंकवावर उठलीस? तळ नव्हता त्या खड्ड्याला, तो माणूस आणखी दोन पावलं गेला असता तर दोघांना एकदम काढावं लागलं असतं, मग तुझं समाधान झालं असतं का? बहीण रडत निघून गेली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बहिणीचं लग्न झालं, मुलगी झाली, शेवटी दुखण्याने गेली, आणि ही मातीलाही गेली नाही. बहिणीची मुलगी, म्हणजे भाची, याच शहरात राहते, कधी रस्त्यात दिसते. दोघी फुटपाथ बदलतात.

"तो खड्डा लोकांना दिसू दे," तिने सुनेला सांगितलं. "माझ्या बहिणीच्या मुलीला दिसू दे. केवढा होता तो बघू दे तिला."

सून कामाला लागली. खड्डा जुन्या नकाशात नव्हता, कारण नकाशा झाला तेव्हा भट्टीच नव्हती. नव्यातही नव्हता, कारण तोवर बुजला होता. थोरली आणि तिचा खड्डा दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत येऊन गेले होते. पण मधल्या काळात एकदा विमानातून त्या भागाचे फोटो घेतलेले होते. शेजारशेजारचे दोन फोटो एकत्र बघितले की, माणसाला दोन डोळ्यांनी कळावी तशी, उंची आणि खोली कळते, आणि ते फोटो सुनेने केव्हाच वापरलेही होते. मग खड्डा गेला कुठे? तिने मागचं एकेक काम उलगडत नेलं आणि एके संध्याकाळी कपाळावर हात मारून घेतला. खड्डा आला होता. तिनेच तो बुजवला होता.

सासूला तिने समजावून सांगितलं ते असं. जमीन तयार झाली की तिच्यावर पाणी सोडून बघायचं असतं, पडद्यावरच, ओढे बरोबर वाहतात का ते कळायला. ज्या खळग्यातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, तो खळगा म्हणजे मोजणीतली चूक, असं धरून चालतात, आणि एक कळ दाबली की असे सगळे खळगे काठोकाठ भरून सपाट होतात. सगळेच करतात असं. तिनेही कळ दाबली होती. हजार खोटे खळगे बुजले, त्यांत एक खरा होता.

फौजदारणीने पडद्यावरच्या सपाट माळाकडे बघितलं. "बाहेर पडायला वाट नाही म्हणून चूक," ती म्हणाली. "तुमच्या यंत्रालासुद्धा आमच्या मालकाची अक्कल दिसते."

पण त्या संध्याकाळी तिने सुनेच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. आणि दुसऱ्या दिवशी कधी नव्हे ते भाचीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, सभागृहात तो पडदा सुरू होईल त्या दिवशी ये, तुझ्या आईने एक गोष्ट सांगितली असेल तुला, ती खरी की खोटी ते बघायला ये. भाचीने फक्त मान हलवली. येताना फौजदारणीची चाल बदलली होती. इतक्या वर्षांचा खटला निकालात निघणार आणि निकाल आपल्या बाजूने लागणार, अशा माणसाची चाल.

आणि इथून पुढे सून गोड बोलायला लागली.

आठवडाभर फौजदारणीने ते सोसलं. मग एका दुपारी पायांत चपला सरकवल्या आणि नकाशाच्या कचेरीत जाऊन धडकली. दारावरच्या माणसाने कोणाला भेटायचंय विचारलं, तर म्हणाली, माझ्याच घरातल्या माणसाला, घरी भेटत नाही म्हणून. त्याने मुकाट्याने जिना दाखवला.

वरची खोली लांबट होती. भिंतीला लागून नकाशांचे सपाट, रुंद खण, त्यांवर रंग उडालेल्या चिठ्ठ्या. एका कोपऱ्यात पलंगाएवढं छपाईचं यंत्र कागद ओकत होतं. जुन्या कागदाचा आणि गरम झालेल्या यंत्रांचा वास. सून जागेवर नव्हती, पण तिचा पडदा उघडा होता, आणि त्यावर भट्टी होती. धुराड्याच्या सावलीत, ओढ्याच्या अलीकडे, खड्डा होता.

फौजदारीण खुर्चीत बसली. केवढा खोल, बाई. कडा सरळ खाली गेलेल्या, आत काळोख. विहिरीत डोकावल्यासारखं वाटलं तिला. छातीवरचा एक दगड हलला. असाच. असाच होता. बघा म्हणावं.

शेजारच्या टेबलावर एक पिकल्या केसांचा नकाशेवाला होता, कचेरीतला जुना माणूस. सुनेची सासू म्हटल्यावर तो उठून आला, पाणी दिलं, आणि सहज बोलून गेला की आजी, तुमची सून हाताची फार चोख, पण या एका खड्ड्याचं तिने काय मनावर घेतलंय कळत नाही. फोटोत जेवढा आहे तेवढा बसवून झाला होता. आता खाली खाली नेत बसलीय. मी म्हटलं, हे वर साहेबांकडे पास होणार नाही, याला आधार काय?

फौजदारणीने पाण्याचा पेला खाली ठेवला. फोटोत केवढा आहे, असं तिने विचारलं नाही. दारात सून येऊन उभी होती, हातात कागदांची गुंडाळी, आणि तिच्या चेहऱ्यावर मांजराच्या मिशा वगैरे आता काही उरलं नव्हतं. नकाशेवाला दोघींकडे बघून आपल्या टेबलाकडे गेला, आणि मग त्याला खाली काहीतरी काम आठवलं.

"खरा काढ," फौजदारीण म्हणाली.

सून म्हणाली, आई, घरी जाऊन बोलू. फौजदारणीने मान हलवली नाही की डोळे. सुनेने शेवटी माऊस हातात घेतला. काळोख वर आला. वर येत येत तळ झाला, मातीच्या रंगाचा, थोडा उतरता, एका बाजूला जिथून टोपल्या वर नेत तिथली पायवाटही दिसत होती. उथळ, पसरट. एखादं ताट ठेवावं तसा.

"बाप्या माणसाच्या पाणी कुठवर येईल?"

सुनेने माऊसवरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, "काठोकाठ भरला तरी छातीपर्यंत. बाबा उंच होते. त्यांच्या तर..." आणि थांबली.

मग तिनेच घाईघाईने बोलायला सुरुवात केली. मोजण्यात फरक असू शकतो, आई. पण फरक किती, ते तिलाच माहीत होतं. धुराडं अजून उभं आहे, त्याची उंची ठाऊक, फोटोत त्याची सावली आणि खड्ड्याच्या काठाची सावली दोन्ही पडलेल्या, त्यावरूनही तिने पुन्हा पुन्हा ताडून बघितलं होतं. मग म्हणाली, काठाची माती ढासळून आत पडली असेल, तळ वर आला असेल. मग म्हणाली, गाळ असतो, गाळात पाय टेकत नाहीत. एकेक पळवाट काढून सासूच्या पुढ्यात ठेवत होती, आजाऱ्यापुढे पदार्थ ठेवावेत तशी, यातलं काही तरी घ्या म्हणून.

फौजदारीण ऐकत होती असं वाटत नव्हतं. फोटो कधीचा, एवढंच तिने विचारलं. थोरली गेली त्याच्या नंतरच्या हिवाळ्यातला निघाला. म्हणजे पाणी आटलेलं, आणि खणणं थांबलेलं. मालकाने तो सोडला हे तिने स्वतः पाहिलं होतं. आणि गाळाचं तिला कोणी सांगायला नको होतं. त्या मातीत ती गुडघ्यांपर्यंत रुतून उभी राहिली होती, ओल्या मातीच्या पाट्या उचलल्या होत्या. गुडघ्यांच्या वर ती माती कोणाला ओढत नसे.

तिला नवऱ्याचा राग यायला हवा होता. ती त्याची वाट बघत बसली, पण राग आला नाही, नवरा आला. बिडीची थोटकं खिशात जपणारा, कोणाला उलटून न बोलणारा, घाबरट माणूस. घाबरट होता तो, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कुत्रं भुंकलं तर तिच्या मागे उभा राहायचा आणि ती हसायची. पाणी दिसलं असेल, वर काही येत नाहीसं दिसलं असेल, आणि पाय उचलले नसतील. बस, एवढंच झालं असेल. त्याला खरोखर तळ दिसला नसेल. काठावर बसून तो जे सांगत होता ते त्याने त्या क्षणी खरंच मानलं असेल, आणि पुढे जन्मभर त्याला ते मानत राहावं लागलं, कारण बायको ते त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडून सांगत होती.

पण मग बहिणीला ती दारात झोडपत होती तेव्हाचं आठवलं. तो कुठे होता? तिथेच होता. तिच्या मागे, उंबऱ्यात, खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत होता. बहीण रडत रडत गेली तरी तो अंगठा नीट होत नव्हता.

ते आठवलं आणि तिच्या तोंडातून एक आवाज आला. सुनेने तो त्या तोंडातून कधी ऐकला नव्हता. ती पुढे झाली, पण हात कुठे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

बराच वेळ यंत्र कागद ओकत राहिलं. मग ते थांबलं.

सून खाली बसली, सासूच्या तोंडासमोर तोंड येईल अशी. तिने सगळं आधीच ठरवून ठेवलेलं होतं, हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं. खोल खड्डा वर पास होणार नाही, ते खरं. पण पावसाळ्यातला म्हणून पाणी भरून दाखवता येईल. त्याला कोणी हरकत घेणार नाही, खड्डे भरतातच. पाणी गढूळ. तळ दिसणारच नाही. भाची येईल, पाणी बघेल, खाली केवढं आहे ते तिला काय कळणार? "तुमचा शब्द राहील, आई. बाबांचाही राहील. कोणाला काही कळायचं कारण नाही. साहेबांशी मी बोलते."

फौजदारीण उठली. पदराने तोंड पुसलं, आधी डोळे, मग हनुवटी, घाम पुसावा तसं. पडद्याजवळ गेली आणि त्या उथळ तळावर बोट ठेवलं, जिथे उतार संपत होता तिथे, आणि ठेवूनच राहिली. काचेवर ठसा उमटला. सुनेने तो पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"माझी दया करायला निघालीस तू," फौजदारीण म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच सून उभी राहिली. "वाईट मनाने केलं नाहीस, ते मला दिसतंय. पण हेच त्याने केलं. त्यालाही मला सांभाळायचंच होतं. एकाने खोल सांगितला, दुसरीने ऊर बडवून खोल ठेवला, आणि माझी बहीण त्यात गेली. आता तू त्यात पाणी भरतेस? तुझ्या हाताने हे काम करायचं नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही. मीठ जास्त झालं तर जास्त झालं म्हणणारी सून आहेस तू, ती राहा. नाही तर माझ्या घरात माझ्याशी बोलायला कोणी उरणार नाही. छातीएवढा होता तर छातीएवढाच ठेव. कोरडा ठेव. भाची आली की मी तिला या खड्ड्यासमोर आणून उभं करीन, आणि तुझी आई खरं बोलत होती, हे माझ्या तोंडाने सांगेन."